तीन बोटांचं लिंपण

दोन्या देल्फिनाकडे स्वेटर विणायची एक जाड सुई होती, आणि त्या सुईने तिने जन्मात एक टाका घातला नव्हता. ती सुई भिंतींसाठी होती. कुणी नवं घर दाखवायला नेलं की बाकीचे खिडक्या बघत, छत बघत, आणि ही बाई मात्र भिंतीच्या पायाशी उकिडवी बसून भेग शोधे आणि सुई आत सरकवे. सुई अडली तर उठून कॉफी मागे. सुई आत गेली तर कॉफी न घेताच घरी जाई. लास नोरियास गावात लोक तिला मानाने दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणत, पण त्यामुळे घर दाखवायलाच घाबरत.

त्या एप्रिलमध्ये तिला क्वार्तेलवर बोलावणं आलं, तेव्हाही सुई एप्रनच्या खिशात होतीच.

क्वार्तेल म्हणजे गावाबाहेरचं घोडदळाचं जुनं ठाणं. शंभर वर्षांपूर्वी नदीपलीकडे क्रांती पेटली, तेव्हा टेक्सासच्या या टोकाला सरकारने घोडेस्वार आणून ठेवले. त्यांना राहायला बराक हवी होती, आणि इथे लाकूड नाही, बरा दगड नाही, माती मात्र हवी तेवढी. देल्फिनाचे आजोबा त्रिनिदाद आणि त्यांचे तीन भाऊ यांनी दोन उन्हाळे चिखल तुडवून कच्च्या विटा पाडल्या आणि हातभर जाडीच्या भिंती उभ्या केल्या. महायुद्धानंतर फौज गेली. मग तिथे लोकरीचं गोदाम आलं, मग तेही बंद पडलं, छत कुणीतरी वाशांसकट पळवलं, आणि पुढची वीस वर्षं तिथे साळिंदरं आणि प्रेमात पडलेली पोरंपोरी यांच्याशिवाय कुणी फिरकलं नाही.

आता ते पडकं ठाणं लेनोर नावाच्या उत्तरेकडच्या एका शिल्पकार बाईने घेतलं होतं. पंचेचाळिशीची, उन्हाने नाक सोललेली, बोलताना हाताने हवेत आकार काढणारी. तिला तिथे चार घरं करायची होती. चित्रकार, कुंभार, विणकर अशा लोकांना राहायला आणि काम करायला उंच खोल्या, उत्तरेचा उजेड, मध्ये एक चौक. गाव आधी पोट धरून हसलं. घोडी हाकलून तिथे आता चित्रकार बांधणार म्हणे!

"दोन्या देल्फिना, आतल्या भिंतींना तुमच्या हातचं मातीचं लिंपण हवंय मला," लेनोर म्हणाली. "फार ऐकलंय तुमच्याबद्दल."

"आतलं नंतर," देल्फिना म्हणाली आणि थेट पूर्वेच्या भिंतीकडे चालायला लागली.

पूर्वेची भिंत क्वार्तेलची शान होती. पाच कमानदार खिडक्या, आणि बाहेरून सिमेंटचा पांढरा गिलावा, जागोजाग तडकलेला, तरी अजून घट्ट दिसणारा. पण जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत एक काळपट पट्टा होता आणि त्यावर मीठ फुललं होतं. देल्फिना उकिडवी बसली, तड शोधली, सुई लावली. शिऱ्यात चमचा जावा तशी ती मुठीपर्यंत आत गेली.

मागून ड्वेन आला. ड्वेन हा लेनोरचा ठेकेदार, पन्नाशीचा, पोट सुटलेला. माणूस वाईट नव्हता. फक्त काहींची देवावर असते तशी त्याची सिमेंटवर श्रद्धा होती.

"काय टोचताय भिंतीला, दोन्या? इंजेक्शन?"

"मेलेल्याला इंजेक्शन देत नाहीत. हे सगळं सिमेंट उतरवावं लागेल."

ड्वेन हसला. "अहो, या सिमेंटमुळे तर उभी आहे ती! आत नुसता चिखल आहे. कवच काढलं तर कासव जगेल का?"

"हे कवच नाही रे बाबा, पिशवी आहे. जमिनीतली ओल आत शिरते आणि बाहेर पडायला वाट नाही. विटा आतल्या आत भिजून भुगा झाल्यात."

"तुम्हाला कसं माहीत एवढं?"

देल्फिनाने सुई पुसली आणि खिशात ठेवली. "वयाने," ती म्हणाली.

ते खोटं होतं. तिला माहीत होतं, कारण ते सिमेंट तिने स्वतः लावलं होतं.

आता मागचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय या बाईचा हट्ट कळायचा नाही. या भागात विटा पाडायच्या आणि भिंत रचायची ती पुरुषांनी, आणि तिला लिंपायचं ते बायकांनी, अशी वाटणी पूर्वीपासून आहे. दरवर्षी ऑक्टोबरात, पावसाने भिंतींचे गाल खरवडून नेले की बायका घमेली घेऊन निघत. फौजेच्या काळातसुद्धा क्वार्तेल लिंपायला गावच्याच बायका जात. देल्फिनाची आई रेफुहिओ त्यांच्यात पहिली. थापी तिला चालत नसे. शेवटचा हात ती उघड्या बोटांनी फिरवायची, अर्धचंद्रासारखा, एकाला लागून एक, आणि वाळल्यावर भिंतीवर तिच्या बोटांच्या रेघा राहायच्या. लहानपणी विहिरीच्या रहाटात तिचं करंगळीशेजारचं बोट गेलं होतं. त्यामुळे दोन रेघा, मग मोकळी जागा, मग एक रेघ, असा तिचा हात लांबून ओळखू यायचा. गावात कुणी विचारायचं नाही, ही भिंत कुणी लिंपली.

देल्फिना आईच्या हाताखालीच शिकली, पण तिला ते काम आवडलं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. ऑक्टोबरात हात फुटायचे, नखांत माती जायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग तिचं अन्सेल्मोशी लग्न झालं. अन्सेल्मो शहरात सिमेंटचं काम शिकून आला होता. हसरा, उंच, कामाला वाघ. एकोणऐंशी साली लोकर गोदामाच्या मालकाने त्याला विचारलं, ही दरवर्षीची चिखलाची कटकट कायमची मिटवता येईल का? अन्सेल्मो म्हणाला, येईल की. कोंबड्यांची जाळी ठोकायची, वर सिमेंट मारायचं, पन्नास वर्षं बघायला नको.

आई तेव्हा सत्तरीच्या घरात होती. ती एवढंच म्हणाली, "तुला ताप आलाय आणि घाम फुटतोय. तेव्हा तू रेनकोट घालून झोपशील का गं?"

"आई, भिंतीला कुठला आलाय ताप!" देल्फिना म्हणाली, आणि अन्सेल्मोला खिळे द्यायला लागली.

आईचं ताजं लिंपण त्या भिंतीवर होतं. एकच ऋतू पाहिलेलं. त्याच्यावरच त्यांनी सिमेंट चढवलं. आई त्या दिवशी क्वार्तेलवर आली नाही आणि नंतरही कधी गेली नाही. दोन वर्षांनी वारली. त्या दोन वर्षांत तिने देल्फिनाला रागाचा एक शब्द ऐकवला नाही आणि भिंतीचा विषयही काढला नाही. देल्फिना म्हणायची, त्यापेक्षा चार मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

क्वार्तेल पांढरंशुभ्र झालं तसं गावाला वेडच लागलं. अन्सेल्मो आणि देल्फिनाने नऊ घरांना सिमेंटचा कोट चढवला. पहिलं घर बारा वर्षांनी बसलं. मग दुसरं. मग आईचंच घर, स्वयंपाकघराचा कोपरा, दुपारी जेवायच्या वेळेला, धप्प. अन्सेल्मो मरेपर्यंत म्हणत राहिला, पाया कच्चा होता. देल्फिनाने मात्र त्या कोपऱ्यातला भुगा मुठीत घेतला, दाबला, आणि तिच्या बोटांतून पाणी आलं. त्या दिवशी तिला आईचा रेनकोट समजला. तेव्हापासून ती पुन्हा मातीकडे वळली. लोकांची घरं लिंपून दिली, सुई बाळगायला लागली. पण नऊ घरांपैकी एकही उरलं नव्हतं. उरली होती ती क्वार्तेलची पूर्वेची भिंत, आणि या जगात ती एवढी एकच गोष्ट होती जी तिला अजून दुरुस्त करता येणार होती.

लेनोरने दोघांचं ऐकून घेतलं. "पंधरा सप्टेंबरला जिल्ह्याचा तपासनीस येणार आहे," ती म्हणाली. "त्याने भिंत पास केली तर राहील. नाही तर ड्वेन ती पाडेल आणि सिमेंटच्या ठोकळ्यांची नवी बांधेल. पडक्या भिंतीखाली मी कुणाला झोपवू शकत नाही, दोन्या."

"बरोबर आहे तुझं," देल्फिना म्हणाली. "मीही झोपवणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिने काम काढलं. सोबत तिची भाची चायो, चाळिशीची, शाळेच्या खानावळीत काम करणारी, अंगाने दणकट आणि तोंडाने त्याहून. आणि गावातल्या आणखी दोघी. छिन्नी लावली की सिमेंट जाळीसकट पापुद्र्यासारखं सुटत होतं. पण पहिला घाव देल्फिनाने एकटीने घातला, सगळ्यांच्या आधी, सकाळी सहाला, उत्तरेकडच्या कोपऱ्यात. तिथे ओल्या सिमेंटात अन्सेल्मोने खिळ्याने कोरलं होतं: अ आणि दे, १९७९. तो ताटाएवढा तुकडा तिने अलगद सोडवला, एप्रनमध्ये गुंडाळला आणि घरी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभा करून ठेवला. उलटून पाहायचं धाडस तिला झालं नाही. सदुसष्ट वर्षांची बाई, चोरट्यासारखी दिवसभर लाल होऊन वावरत होती.

मग निवडुंग. फड तोडून पिंपात भिजवायचे, आठ दिवसांत त्याचा बुळबुळीत चीक होतो, तो चिखलात मिसळला की लिंपण धरून राहतं. त्याचा वास मात्र असा, की ड्वेनने आपला ट्रक दोनशे पावलं लांब नेऊन लावला.

"आत्या, हा वास गेला नाही तर नवरा घरात घेणार नाही मला," चायो म्हणाली.

"घेईल. आंघोळ करायला तरी त्याला कारण मिळेल."

खरं काम पायाशी होतं. तळाच्या विटा गेल्या होत्या, पण वरची भिंत चांगली होती, आणि वरची न पाडता खालची बदलायची होती. देल्फिनाने भिंतीवर खडूने दोन-दोन फुटांचे वीस भाग आखले. एक भाग पोखरून काढायचा, नव्या विटा बसवायच्या, वाळू द्यायच्या, मग एक सोडून पुढचा. शेजारशेजारचे दोन कधीच नाहीत, नाही तर वरचा भार बसायला जागाच उरत नाही. नव्या विटाही त्यांनीच पाडल्या. साच्यातून काढायच्या, दोन दिवसांनी काठावर उभ्या करायच्या, महिनाभर उन्हात ठेवायच्या. मग प्रत्येक ढिगातली एक उचलून कमरेइतक्या उंचीवरून कोपऱ्यावर टाकायची. फुटली तर सगळा ढीग परत चिखलात. देल्फिना वीट टाकायची तेव्हा सगळ्याजणी हातातलं काम सोडून बघायच्या.

मे गेला, जून गेला. उन्हात माती तव्यासारखी तापत होती. देल्फिनाचे गुडघे दुखत, ती बसताना देवाचं नाव घेई आणि उठताना दुसऱ्या कुणाचं. पण रोज सहाला ती हजर असे. ड्वेन रोज येऊन भिंतीला ओळंबा लावी, मान हलवी, आणि जाता जाता एखादा टोमणा मारी. जुलैत त्याने टोमणा मारला नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने न विचारता टेकूला आणखी दोन जाड लाकडं आणून दिली.

आणि मग अकराव्या भागाला घात झाला.

त्या आठवड्यात दुपारची वळवासारखी सर रोज येत होती. विटा झाकून ठेवल्या तरी हवेतली ओल त्यांच्यात उतरत होती. आणि देल्फिनाला घाई झाली होती. पंधरा सप्टेंबर जवळ येत होता, अजून बरेच भाग बाकी होते. तिने वीट टाकून पाहिली, कोपरा किंचित चेंगरला, फुटला नाही. वाळलेली वीट चेंगरत नाही. हे तिला कुणी सांगायला नको होतं. "चालेल," ती म्हणाली.

चायो तिच्याकडे बघत राहिली. "आत्या, तुम्हीच म्हणता ना..."

"चालेल म्हटलं ना!"

नवव्या आणि अकराव्या भागांत त्या विटा बसल्या. पाच दिवसांनी, भर दुपारी, भिंतीतून लाकूड चिरल्यासारखा आवाज आला. सगळ्याजणी मागे पळाल्या. तिसऱ्या कमानीच्या डोक्यावरून एक भेग वर चढत गेली, बोटभर रुंद, आणि भिंतीच्या माथ्यापाशी थांबली. ओल्या विटा वाळताना आकसल्या होत्या आणि वरची भिंत त्यांच्यावर खाली बसली होती.

ड्वेन धावत आला. त्याने आधी बायका मोजल्या, सगळ्या आहेत ना पाहिलं, मग भिंत बघितली. लेनोरही आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"दोन्या, मी चार महिने नुसते टोमणे मारले," ड्वेन म्हणाला. "पण आता बोलतो. सिमेंट होतं तेव्हा ही भिंत पस्तीस वर्षं उभी होती. तुम्ही ते काढलंत आणि चार महिन्यांत चिरली. लेनोर, मी उद्या मशीन आणतो. कुणी मरायच्या आत पाडू या."

लेनोरने भेगेवरून खालून वर नजर नेली. "दोन्या, तो म्हणतो त्यात चूक काय आहे? सिमेंटनेच सांभाळलं ना तिला इतकी वर्षं?"

ओल्या विटांची चूक कबूल करणं तिला जड नव्हतं. पण सिमेंटला श्रेय मिळतंय, आणि ते आपल्यामुळे, हे तिला सोसेना. ती आपल्या ट्रकमध्ये बसली आणि निघून गेली.

"गेली," ड्वेन म्हणाला, आणि त्यालाच ते आवडलं नाही.

अर्ध्या तासाने ट्रक परत आला. देल्फिना एप्रनमध्ये काहीतरी जड घेऊन उतरली आणि तिने ते लेनोरच्या पायाशी ठेवलं. कोंबड्यांची शीट लागलेला सिमेंटचा तुकडा. अ आणि दे, १९७९.

"अ म्हणजे माझा नवरा. दे म्हणजे मी," ती म्हणाली. "हे सिमेंट आम्ही लावलं. मी खिळे दिले. माझी आई नको म्हणत होती. मी तिचं ऐकलं नाही. याच सिमेंटाखाली गावातली नऊ घरं गेली, ड्वेन, त्यात माझ्या आईचं एक. पस्तीस वर्षं सांभाळलं नाही रे त्याने, पस्तीस वर्षं खाल्लं. मला कसं माहीत, असं तू विचारलं होतंस. असं माहीत."

चायोनेही हे आत्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तिने डोळे पुसले आणि हातावरचा चिखल गालाला लावून घेतला.

"आणि ही भेग सिमेंट काढल्यामुळे नाही पडली. नवव्या-अकराव्याला मी ओल्या विटा लावल्या. मला कळत होतं. तरी लावल्या. ती चूक माझी. पण बाकीचे भाग बघ. सुई घाल. जिथे म्हणशील तिथे."

लेनोर खाली बसली होती. शिल्पकाराच्या सवयीने तिने तो तुकडा हातात घेतला आणि उलटला.

"दोन्या," ती म्हणाली, "मागे हे काय आहे?"

तुकड्याच्या पाठीवर उठून दिसत होते अर्धचंद्र. ओलं सिमेंट जुन्या मातीवर दाबलं गेलं होतं आणि मातीवरचं लिंपण साच्यातून निघावं तसं त्याच्या पाठीवर उतरलं होतं. दोन रेघा, मोकळी जागा, एक रेघ. पुन्हा दोन रेघा, मोकळी जागा, एक रेघ.

देल्फिना खाली बसली. तिने त्या रेघांत आपली बोटं ठेवली आणि भर दुपारी, सगळ्यांसमोर, लहान मुलीसारखी मोठ्याने रडली. आई गेल्यावरसुद्धा ती अशी रडली नव्हती.

ड्वेनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग तो भिंतीपाशी गेला. कुणाला वाटलं नव्हतं, पण त्याने हात मागे करून म्हटलं, "ती सुई द्या इकडे." त्याने पहिल्या भागात सुई लावली. अडली. तिसऱ्यात अडली. पाचव्यात अंगठ्याने जोर देऊन दाबली, तरी अडली. जिथे अजून जुन्या विटा होत्या तिथे मात्र मुठीपर्यंत गेली.

तो परत आला. "माझ्याकडे चार लोखंडी जॅक आहेत," तो लेनोरला म्हणाला. "वरचा भार त्यांच्यावर घेतो. नऊ आणि अकरा काढून परत भरू द्या यांना." आणि देल्फिनाकडे वळून म्हणाला, "पण जॅक मी म्हणेन तेव्हा निघतील. तुम्ही म्हणाल तेव्हा नाही. पटतंय?"

"आणि विटा मी म्हणेन तेव्हा लागतील," देल्फिना नाक पुसत म्हणाली. "उचल मला."

वाळलेल्या विटा पुरेशा नव्हत्या. चायो पहाटे उठून गावभर फिरली. पडलेल्या नऊ घरांच्या ढिगाऱ्यांत वरच्या थरांतल्या जुन्या विटा अजून कोरड्या, खणखणीत होत्या. लोकांनी त्या काढून दिल्या. काहींनी स्वतः आणून टाकल्या आणि टाकताना देल्फिनाकडे पाहिलंही नाही. सिमेंट कुणी लावलं होतं ते गावाला आठवत नव्हतं असं थोडंच होतं. विसरल्यासारखं तीच वागत आली होती. एक म्हातारा फक्त म्हणाला, "या वेळी नीट लाव गं, बाई." ती म्हणाली, "लावते, दादा."

पुढचे बावीस दिवस ड्वेनचा ट्रक निवडुंगाच्या पिंपाला चिकटून उभा असे. वरच्या थराखाली सपाट दगडांच्या पाचरी ठोकायच्या, ही युक्ती त्याची. भेगेत आडव्या विटा विणून ती शिवायची, ही देल्फिनाची. विसावा भाग भरला तो बारा सप्टेंबरला.

पंधराला तपासनीस आला. कमी बोलणारा, उंच माणूस. त्याने खाली वीस ठिकाणी ओल मोजायचं यंत्र खुपसलं, ओळंबा लावला, भेगेवरच्या शिवणीवर हात फिरवला. दोनदा भिंतीमागे जाऊन आला. देल्फिना एका उपड्या बादलीवर बसून होती आणि तिने हातातला टॉर्टिया तसाच ठेवला होता. शेवटी त्याने कागदावर सही केली आणि लेनोरला विचारलं, "बाहेरून काय लावणार? सिमेंट?"

"नाही," हे ड्वेन बोलला.

ऑक्टोबरात त्यांनी लिंपण चढवलं. शेवटचा हात देल्फिनाचा, थापीशिवाय, उघड्या बोटांनी. नोव्हेंबरात चार भाडेकरू घरं बघायला आले. त्यांतली एक विणकर बाई, वेरा नावाची, टापटीप, चष्मा नाकावर. तिने भिंतीवर हात ठेवला आणि विचारलं, "सुंदर आहे. याची हमी किती वर्षांची?"

"एका वर्षाची," देल्फिना म्हणाली.

"आणि मग?"

"मग तू लिंपायचंस. लेनोरने करारात लिहिलंय, विचार तिला. जो इथे राहील तो ऑक्टोबरात बाहेर येईल. मी सांगूनच ठेवलंय, नाही तर मी आतलं लिंपण करणार नाही."

वेराने लेनोरकडे पाहिलं. लेनोर हसून आकाशाकडे बघायला लागली.

वर्ष गेलं. पावसाने भिंतीचे गाल खरवडले, खरवडायचेच होते. देल्फिनाने चिखल भिजवून ठेवला आणि चायोला म्हणाली, "बघ, एकही येणार नाही. शहरची माणसं. हात खराब होतील त्यांचे."

सकाळी आठला चौघंही बाहेर आले, जुने कपडे घालून, बादल्या घेऊन. चित्रकाराने लगेच चिखल बुटात ओतून घेतला. देल्फिना त्यांना ओरडत, हात धरून दाखवत, भिंतीभर फिरत राहिली. दुपारी ती उत्तरेकडच्या कोपऱ्याशी पोचली. तिथे कधी दोन अक्षरं होती. तिथला शेवटचा हात तिने स्वतः फिरवायला घेतला, आणि गेल्या वर्षीसारखंच याही वर्षी, त्या कोपऱ्यापुरतं, तिने करंगळीशेजारचं बोट तळव्यात दुमडून घेतलं. दोन रेघा, मोकळी जागा, एक रेघ. आईएवढं नीट जमत नव्हतं, पण जवळपास.

थोड्या वेळाने ती पाणी प्यायला वळली आणि थबकली. वेरा तिच्या शेजारीच भिंतीला लागली होती. चष्मा चिखलाने भरलेला, जीभ दातांत धरलेली, सगळं लक्ष हातात. दोन्या करते तसं हुबेहूब करायचं, एवढंच तिने ठरवलं असावं. तिनेही आपलं ते बोट तळव्यात दुमडून घेतलं होतं आणि अर्धचंद्रामागून अर्धचंद्र काढत ती पुढे सरकत होती.

"बरोबर आहे ना, दोन्या?" तिने न वळता विचारलं. "का चुकतंय काही?"

चायोने तोंड उघडलं. देल्फिनाने तिचा हात दाबला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "अशीच जा पुढे."